आठवड्यातून एक

राजपुरी
११ नोव्हेंबर २०२४

यशरा,

सलाम. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. सातवीनंतर एवढं कधी लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. शिवदासच्या लाँचचा गिअर परवा मी बसवून दिला, त्या बदल्यात तो पत्र पोचवायला कबूल झालाय. दिघी काय, समोरच तर आहे. आमच्या धक्क्यावर उभा राहिलो की तुझ्या बापाच्या वाडीतले माड दिसतात. आणि दीड महिना झाला, घरची सून असून तू खाडी ओलांडून परत आली नाहीस.

मुद्द्यावर येतो. अम्मा तुझं नाव काढते. सकाळी डोळे उघडले की पहिला सवाल, "यशरा कुठं हाय?" मी सांगतो, माहेरी गेलीय. दुपारी परत तोच सवाल. छोटीचा एक फ्रॉक दोरीवर राहिला होता, तो तिनं घडी करून उशाखाली ठेवलाय. तुम्ही दोघी परत या, एवढंच तिला हवंय. मलाही हवंय, असं समज.

झालं ते झालं. सप्टेंबरात अलिबागच्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या खोलीबाहेर, अकरा माणसांसमोर मी म्हणालो की माझ्या बायकोची किडनी या पोरीच्या कुवेतच्या डब्यांनी घालवली. म्हणालो. माझा आवाज मोठा आहे, जन्मभर होड्यांच्या इंजिनाशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचा आवाज मोठाच असतो. पण खोटं काय बोललो? तुझ्या भावानं सुट्टीवर येताना आणलेले तीन डबे, अम्माला रोज देणारी तूच. एक कॅल्शियमचा, एक सगळ्या व्हिटॅमिनचा, एक केसांचा. बासष्ट वर्षांच्या बाईला केसांच्या गोळ्या! डॉक्टरांनी ते डबे बघितले, म्हणाले, रक्तात कॅल्शियम फार चढलंय, हे सगळं आधी बंद करा. मग मी काय समजायचं?

आणि तू काय केलंस? रडली नाहीस, भांडली नाहीस. माझ्याकडे बघून एवढंच विचारलंस, "अब्बा, तुम्ही अजून काय देत होतात काय?" चारचौघांत सासऱ्याला उलटा सवाल. ते मला फार लागलं. तरी मी तुला माफ केलं आहे.

अम्माची काळजी नको. डबे मी उचलून शेडमध्ये टाकले. आता कसलं औषध नाही, काही नाही. फक्त रोज सकाळी दूध, ताकदीची पूड घालून. ते मी स्वतः करतो. चाळीस वर्षांत मी या घरात गॅस पेटवला नव्हता, आता पेटवतो.

तबरेज मस्कतहून स्वतःच्या बायकोला फोन करत नाही असं कळलं. मी त्याला काही शिकवलेलं नाही. एवढ्या लांब बसलेल्या माणसाला बाप सांगेल तेच दिसतं, त्याला मी काय करू.

ये निघून.

नजमुद्दीन


३ डिसेंबर २०२४

यशरा,

शिवदास म्हणतो पत्र तुझ्या हातात दिलं. तू म्हणालीस, बरं. बस, एवढंच. "बरं" म्हणजे काय समजायचं ते त्यालाही कळलं नाही.

अम्माला तहान फार लागते. हंडा हंडा पाणी पिते म्हटलं तरी चालेल. खाल्लेलं पोटात राहत नाही, कोळंबीचा वास आला तरी ओकारी. परवा मला शिवदास म्हणाली. मी म्हटलं, अगं मी, नजम. तर म्हणे, "व्हय, ठाव हाय," आणि परत शिवदासच म्हणाली. अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही. अशक्तपणानं डोकं फिरतं.

तुला वाटत असेल म्हातारा बायकोला उपाशी मारतोय. म्हणून सांगतो. जूनमध्ये तिचे गुडघे धरले होते, आठवतंय ना? मुरुडच्या डॉक्टरनं रक्त काढलं. व्हिटॅमिन डी नऊ. तीस तरी पाहिजे म्हणाला. मी त्याला म्हटलं, साहेब, आम्ही समुद्रावरची माणसं, ऊन आणि मासळी दोन्ही फुकट, आमच्याकडे कमी कसं पडेल? तो म्हणाला, बाई घरात असते, उन्हात तुम्ही असता. त्यानं आठ पुड्या लिहून दिल्या. आठवड्यातून एक, दुधात.

दोन पुड्यांत ती माळ्यावर चढली, सुकटीचा डबा घेऊन उतरली. मी डोळ्यांनी बघितलं. मग मी म्हटलं, जी वस्तू एवढी लागू पडते ती आठ दिवसांनी कशाला? डॉक्टर लोक थेंब थेंब देतात, म्हणजे माणूस त्यांच्याकडे परत परत जातो. व्हिटॅमिन म्हणजे काही औषध नव्हे, जास्त झालं तर बाधायला. नको असेल ते अंग बाहेर टाकतं. जुलैपासून मी रोज एक पूड सुरू केली.

फरक पडला की नाही ते कागदावर आहे. सप्टेंबरात दवाखान्यात रक्त घेतलं होतं ना, त्यातला एक रिपोर्ट चार दिवसांनी येणार होता. घेऊन दाखवायला या म्हणाले होते. मी जाऊन आणला. पहिलं नऊ होतं. आता दीडशेच्या वर! मशीनला त्याच्या पुढचं मोजताच आलं नाही. मी मनात म्हटलं, शाबास. दाखवायला कोण जातोय, चांगल्या रिपोर्टसाठी अलिबागची फेरी कोण मारतो? शेडमध्ये हत्यारांच्या पेटीत ठेवलाय, तू आलीस की बघ.

इथला औषधवाला परेश मात्र डोकं खातो. "चाचा, गया आठवडामां तर चार घेऊन गेला तुमी." मी म्हटलं, तू विकायला बसलायस का हिशेब विचारायला? तेव्हापासून रेवदंड्याहून आणतो. तिकडे कोणी विचारत नाही.

अम्मा आता माळ्यावर चढत नाही, मोरीपर्यंत भिंत धरून जाते. थंडी आहे.

छोटीला माझी दुआ सांग.

नजमुद्दीन


अलिबाग
१७ जानेवारी २०२५

यशरा,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. सप्टेंबरातलाच बाक.

सोमवारी अम्मा सकाळी उठलीच नाही. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. गाडी करून आणलं. सलाईन चालू आहे. कॅल्शियम परत चढलंय, मागच्यापेक्षा जास्त. या वेळी डॉक्टर वेगळ्या आहेत, तरुण बाई, चष्मा. त्यांनी मला आत बोलावून बसवलं.

म्हणाल्या, "चाचा, व्हिटॅमिन डी कोण देतंय यांना?"

मी म्हटलं, डबे होते सुनेचे, कुवेतचे. सप्टेंबरातच बंद केले.

त्यांनी मोबाइलवर त्या डब्यांचे फोटो उघडले. तूच पाठवले होतेस ना मागच्या डॉक्टरांना, ते दवाखान्याकडे राहिले होते. मोठं करून वाचलं. म्हणाल्या, "यात दिवसाला चारशे युनिट डी आहे. चारशेनं हे होत नाही. हे साठ हजारांच्या पुडीचं काम आहे, आणि ती कोणीतरी रोज देतंय. हे व्हिटॅमिन लघवीतून जात नाही, चाचा. चरबीत साठून राहतं, महिनोन्‌महिने. आतल्या आत कॅल्शियम रक्तात ओतत राहतं, मग किडनीत दगडासारखं बसतं. नीट आठवा. कोण देतंय?"

शर्टाच्या खिशात माझ्या दोन रिकाम्या पुड्या होत्या. रेवदंड्याच्या दुकानात दाखवायला ठेवतो, नाव लक्षात राहत नाही म्हणून. त्यांच्यावर छापलेलं होतं, साठ हजार. मी इतक्या दिवसांत तो आकडा वाचला नव्हता असं नाही. मोठा आकडा म्हणून बरं वाटायचं.

मी म्हणालो, "मला काय माहीत, डॉक्टर. मी दिवसभर धक्क्यावर असतो."

हे मी का लिहितोय ठाऊक नाही. यातलं तुला पाठवणार ते एवढंच, की अम्मा ॲडमिट आहे, आणि डॉक्टर म्हणतात तुझ्या डब्यांचा संबंध नसावा. अजून नक्की नाही.

मला काही वाटत नाही, यशरा. खरंच सांगतो. समोर चहावाला आहे, त्याच्याकडून चहा घेतला, तो संपवला, आणि गोड होता की फिका ते आठवत नाही. माणसं भेटायला येतात, मी त्यांना बसायला सांगतो.

नजमुद्दीन

(हे पत्र दिलं नाही. शिवदासला नुसता निरोप दिला, अम्मा ॲडमिट आहे म्हणून.)


राजपुरी
२० फेब्रुवारी २०२५

यशरा,

तू दवाखान्यात येऊन गेलीस ते मला नर्सनं सांगितलं. मी घरी कपडे आणायला गेलो होतो तेवढ्यात. ती म्हणाली, लहान मुलगी बरोबर होती, पेशंटच्या पायाला तेल लावलं आणि निघून गेल्या. माझी वाट बघितली नाहीस. बरोबरच आहे.

अम्मा घरी आहे. आता आठवड्यातून दोनदा अलिबाग, मशीनवर रक्त धुवायला. चष्मेवाल्या डॉक्टर म्हणाल्या, किडनी परत येईल असं समजू नका. पुडी बंद आहे. दूध बंद आहे. पाणीसुद्धा मोजून.

मी बोटीच्या पोरांना काय शिकवत आलो, माहीत आहे? इंजिनात ऑइल दांडीवरच्या खुणेपर्यंत. खुणेच्या वर एक पेलाही नाही. कमी पडलं तर इंजिन आवाज देतं, तुम्हाला कळतं. जास्त झालं तर गुमान चालतं आणि भर समुद्रात सील फाडून मोकळं होतं. पंचेचाळीस वर्षं शिकवलं. हाताखालच्या किती जणांना त्यावरून शिव्या घातल्या. आणि घरी येऊन रोज सकाळी एक पूड, एक पूड, एक पूड. पाकिटावर परेशनं पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, आठवड्यातून एक. मी वाचलं होतं.

परेशनं विचारलं तेव्हा रेवदंड्याला गेलो. चूक नव्हती तर तीस किलोमीटर कशाला गेलो असतो?

पूड मी दिली. डब्यांनी काही झालं नाही. तू काही केलं नाहीस.

हे मला जानेवारीपासून माहीत आहे. मी घरात सांगितलं नाही. माणसं अजून म्हणतात, सुनेनं फॉरेनच्या गोळ्या घातल्या. काल शेजारची आवडाबाई मासळीची पाटी उतरवून तेच म्हणाली, मी तिच्याकडून बोंबील घेतले, पैसे मोजून दिले. तबरेजनं फोनवर विचारलं, यशराला तलाक द्यायचा विषय लोक काढतात, अब्बा, तुम्ही काय म्हणता? मी म्हटलं, नंतर बोलू, मशीनची वेळ झालीय.

परवा सायलेन्सरला हात लागला. तळहाताची कातडी गेली तेव्हा शिवदास ओरडला, मी नाही.

नजमुद्दीन

(लाँच सुटल्यावर हाका मारून परत मागून घेतलं. शिवदास म्हणाला, "मिस्त्री, द्यायचं न्हाय तर लिवता कशाला?")


राजपुरी
१ एप्रिल २०२५

बेटी यशरा,

ही तिन्ही पत्रं एकत्र देतोय, जानेवारीचं, फेब्रुवारीचं आणि आजचं. या वेळी परत मागणार नाही.

ईदच्या आदल्या दिवशी दुपारी अम्माजवळ बसलो होतो. डोकं आता साफ आहे तिचं, सगळं आठवतं, सगळ्यांना ओळखते. मशीनवरून आली की निजून असते, पण त्या दिवशी बसली होती. मी सांगून टाकलं. म्हटलं, जहुरा, तुझी किडनी मी घालवली. ती पूड रोजची नव्हती.

ती खिडकीकडे बघत होती. म्हणाली, "मला दूध कधीच सोसलं न्हाय. लगीन होऊन आले तवापासून तुमाला ठाव न्हाय व्हय?"

मला खरंच ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, मग प्यायलीस कशाला? मोरीत ओतायचंस.

"ओतनार व्हते. यशरानं सांगितलं व्हतं मला. पावसात, तुम्ही धक्क्यावर गेला व्हता. कचऱ्यात पुड्या दिसल्या तिला. म्हनाली, अम्मा, ह्ये रोज घ्यायचं नसतं, मी अब्बांना सांगते. मीच तिला शपथ घातली. म्हटलं, तू बोलू नको, त्यांना राग येईल. मी ओतून टाकीन गुपचूप." मग माझ्याकडे वळली. "पन तुम्ही समोर हुभे ऱ्हायचात ना. ग्लास संपेपर्यंत. चाळीस वर्सांत पयल्यांदा तुम्ही माझ्यासाठी काय तरी हातानं केलंत. कसं वतायचं?"

यशरा, म्हणजे तुला माहीत होतं.

दवाखान्यात अकरा माणसांसमोर मी तुला बोललो तेव्हाही तुला माहीत होतं. तू मला उलटा सवाल केलाच नव्हतास. तू मला वाट करून दिली होतीस, की अब्बा, आता तरी तोंडानं सांगा. मी नाही सांगितलं, आणि तू अम्माची शपथ पाळून छोटीचा हात धरून निघून गेलीस. तुला वाटलं असेल, अम्मा ओततेय, आता तरी थांबलं असेल. मग माझं नोव्हेंबरचं पत्र आलं असेल तुला. दूध, ताकदीची पूड, माझ्या हातानं. तुला माफ केलं आहे, असं मी लिहिलं होतं.

शिवदासला काल विचारलं. तो म्हणाला, तू दोन वेळा अम्माला चिठ्ठी पाठवली होतीस. त्यानं माझ्याच हातात दिली होती. मी उघडली नाही. मला वाटलं, माफी मागितली असेल तर समोर येऊन मागावी. दोन्ही पेटीत होत्या, रिपोर्टखाली. आज वाचल्या. दोन्हीत एकच, पुडी बंद करा.

काल ईदला घर भरलं होतं. तेच सगळे, सप्टेंबरचे. शेजारणींनी शीरखुर्मा करून दिला होता. वाट्या सगळ्यांच्या हातात गेल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं. पूड मी दिली, रोज, सात महिने. यशराच्या डब्यांनी काही झालेलं नाही. डॉक्टरांशी खोटं मी बोललो. मोठ्यानं बोललो, पार रस्त्यापर्यंत गेलं असेल.

एकदोघांनी वाट्या खाली ठेवल्या. मग तबरेजचा मोठा मामू म्हणाला, "नजमभाय, ताकदीचं औषध कुनाला बाधतं व्हय? तुम्ही उगाच मनाला लावून घेता." आणि मागून एक बाई हळूच म्हणाली, "आमच्याकडं पन ती पुडी हाय. किती घ्यायची असते?" मी म्हटलं, ज्याच्या त्याच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. वाचा आणि तेवढीच घ्या. माणसं लवकर गेली. पुष्कळ वाट्या अर्ध्याच राहिल्या.

तबरेजला रात्री नाही, आज सकाळी फोन केला, झोपेत नको, नीट जागा असताना ऐकावं म्हणून. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "यशराचा नंबर लागत न्हाय, अब्बा." मी म्हटलं, सहा महिने तू लावला नव्हतास, आता सहा महिने लाव.

मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात मी पक्का आहे. पक्का कसला, आत काही हलतच नाही. तुला लिहिताना तेवढं बोटं दुखतात.

उद्या अकराच्या लाँचनं दिघीला येतोय. तुझ्या घरात येणार नाही. तुझ्या बापाला आणि घरच्यांना धक्क्यावर बोलवून ठेव, आणि आजूबाजूची जी असतील ती. चारचौघांत जे बोललो ते चारचौघांतच परत घ्यायचं आहे. त्यानंतर तू तोंड फिरवलंस तरी मी त्याच लाँचनं परत येईन, एक शब्द बोलणार नाही. तुझे तीन डबे आणतोय, पुसून ठेवलेत. तुझ्या भावानं प्रेमानं आणलेले होते. पण तुला लागत नसतील तर तूही घेऊ नकोस.

अम्मासाठी एकच मागतो. तिला दिवसाला एक लिटर पाणी आहे, त्यातच चहा, त्यातच पेज. सकाळी बाटली भरतो आणि खूण करतो. तिला तहान फार लागते, यशरा. माझ्याकडे बघते आणि मला वाटतं, अजून एक घोट दिला तर काय होतंय. हात पुढे जातो.

तू ये आणि बाटली तुझ्याजवळ ठेव. माझ्या हातात माप राहत नाही.

नजमुद्दीन